काय काम काढलंत? : घानात बातमीदारीला जाताना

घानातल्या अकान समाजाच्या घरात पाहुणा आला की त्याला आधी बसायला देतात, मग पाणी. पाणी पिऊन झालं की यजमान सांगतो, इकडे सगळं ‘बोको’ आहे, म्हणजे निवांत आहे. तुम्ही वाट तुडवून आलात, तर ‘अमाने’ सांगा. अमाने म्हणजे येण्याचं प्रयोजन. आपल्याकडे गूळपाणी झालं की आजोबा विचारायचे ना, ‘काय काम काढलंत?’, तसंच. फरक इतकाच की आपल्याकडे तो प्रश्न टाळून तासभर पाऊसपाण्यावर बोलता येतं. तिथे आधी प्रयोजन, मग बाकीचं.

हे ठाऊक नसल्यामुळे माझ्या पहिल्या खेपेचे चार दिवस पाण्यात गेले. मी आधी कॅमेरा काढायचो आणि मग बोलायला जायचो. लोक हसत, नमस्कार करत, आणि काहीच सांगत नसत. पाचव्या दिवशी माझ्याबरोबरच्या स्थानिक वार्ताहराने मला रस्त्याच्या कडेला थांबवून सांगितलं की तू कोण आणि कशाला आलास हे अजून कुणालाच कळलेलं नाही. पुढे जे लिहितोय ते सगळं या एका वाक्याभोवती फिरतं. व्हिसाच्या खिडकीवर, राजवाड्यात, बाजारात, पोलिसांच्या नाक्यावर विचारतात ते एकच. उत्तर खरं, छोटं आणि सगळीकडे सारखं असलं की निम्मं काम होतं.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टला घानाचा व्हिसा लागतो. अर्ज दिल्लीतल्या त्यांच्या उच्चायुक्तालयाकडे करायचा. फी आणि कागदांची यादी बदलत असते, ती अर्जाच्या दिवशी पाहावी. प्रयोजनाच्या रकान्यात ‘पर्यटन’ लिहून पत्रकारिता करायचा मोह होतो, कारण ते सोपं दिसतं. तसं करू नका. वसई-विरारच्या लग्नाला चाललोय सांगून मंत्रालयात फाइल शोधत बसल्यासारखं ते होतं. कुणी हटकलं की दोन्ही गोष्टी खोट्या ठरतात. संपादकाचं पत्र जोडा. कुणासाठी, कोणत्या विषयावर, कुठल्या तारखा, सोबत काय सामान, हे सगळं त्यात एका पानात असावं. स्वतंत्र काम करत असाल तर ज्यांना लेख द्यायचा त्यांच्याकडून तसं पत्र मागून घ्या.

या पत्राच्या दहा-बारा रंगीत प्रती काढा. खाली सही हवी आणि शिक्का हवाच. शिक्क्याबद्दल हसू नका. एका सरकारी कार्यालयातून मला दोनदा परत पाठवलं, कारण लेटरहेडवर सही होती पण गोल शिक्का नव्हता. शेवटी राजधानी अक्रात रस्त्याकडेच्या एका टपरीवर शिक्का करून घेतला. ज्याने तालुक्याच्या कचेरीत सातबारा काढलाय, त्याला घानाची कार्यालयं परकी वाटणार नाहीत. पत्र द्यायचं, दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाले’ असा शिक्का आणि तारीख घ्यायची, आणि ती प्रत जपायची.

पीतज्वराची लस टाळता येत नाही. तिचं पिवळं पुस्तक घानात शिरताना मागतात, आणि तेवढ्याच काटेकोरपणे परत येताना मुंबईत मागतात. ते नसेल तर आपलं सरकार ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतं. लस टोचल्यावर १० दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, आणि आता ते आयुष्यभर चालतं. सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची. तिथे दिवस आणि जागा ठरलेल्या असतात, म्हणून तिकिटाआधी नंबर लावा. साठी ओलांडली असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. उत्तर घानात कोरड्या दिवसांत जाणार असाल तर मेंदूज्वराच्या लसीबद्दलही विचारा, तो पट्टा त्या आजाराचाच आहे. मलेरियाच्या गोळ्या कोणत्या हे डॉक्टर ठरवतील. तिथला मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे जीवावर उठणारा, हे लक्षात ठेवून त्या घ्या.

सामानाचं एक काम मुंबई विमानतळावरच उरकायचं. कॅमेरा, लेन्स, रेकॉर्डर यांची अनुक्रमांकासह यादी करून निघतानाच कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परतताना ‘हे तिकडून विकत आणलं का’ हा वाद होत नाही. तीच यादी अक्रात उतरल्यावरही कामाला येते. ड्रोन नेऊ नका, निदान पहिल्या खेपेला तरी. तिथल्या नागरी विमान प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ती हातात नसताना ते यंत्र बॅगेत दिसलं की तुमच्या अमानेवर कुणाचा विश्वास बसत नाही.

प्लगचं थोडक्यात सांगतो: व्होल्टेज आपल्यासारखंच, पण भिंतीत बहुतेक ठिकाणी तीन चौकोनी पिनांचं ब्रिटिश सॉकेट. वीज जाते-येते, या प्रकाराला लोकांनी ‘दुमसोर’ असं नाव दिलंय, अर्थ ‘विझ-पेट’. पॉवर बँक दोन.

पहिले दोन दिवस अक्रात

मुंबईहून अदिस अबाबा किंवा दुबईमार्गे जाता येतं. घड्याळ साडेपाच तास मागे करायचं. तुमच्या संपादकाची रात्रपाळी सुरू होते तेव्हा तिथे दुपार असते, ही बातमीदाराची चैनच म्हणायची.

सिम पासपोर्टवर नोंदवून घ्या आणि त्याच वेळी मोबाइल मनीचं खातं मागा. तिथे ‘मोमो’ म्हणतात. टपरीवाली, टॅक्सीवाला, स्थानिक सहकारी, सगळे मोमोवर. आपल्या यूपीआयसारखं बँकेला जोडलेलं नाही, फोनच्या नंबरलाच पाकीट असतं. चलन सेडी, त्याचे १०० पेसवा. २००७ मध्ये जुन्या १०,००० सेडींचा एक नवा सेडी झाला, त्यामुळे एखादी वयस्क बाजारवाली अजून जुन्या हजारांत भाव सांगते. मुलाखतीत आकडा ऐकला की ‘नवे की जुने?’ हे तिथल्या तिथे विचारा.

परदेशी पत्रकारांची नोंद माहिती सेवा विभाग करतो आणि कार्ड देतो. २०२५ मध्ये सरकार बदलल्यावर स्वतंत्र माहिती मंत्रालय राहिलं नाही, तेव्हा जुन्या लेखांतले पत्ते पाहून जाऊ नका; आधी फोन करा, मग पत्र घेऊन प्रत्यक्ष जा. त्या कार्डाने सगळी दारं उघडत नाहीत, पण नाक्यावरचा शिपाई ते पाहून सौम्य होतो. याच दोन दिवसांत घाना जर्नालिस्ट्स असोसिएशनच्या प्रेस सेंटरमध्ये चक्कर टाका. ही संघटना १९४९ ची, म्हणजे स्वातंत्र्याहून आठ वर्षं जुनी. मीडिया फाउंडेशन फॉर वेस्ट आफ्रिका हीसुद्धा अक्रातलीच संस्था. पत्रकारावर हल्ला किंवा अटक झाली तर कुणाला फोन करायचा, हे तिथल्या लोकांना तोंडपाठ असतं. तो नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा. आपत्कालीन नंबर ११२.

संध्याकाळी खोलीत बसून रेडिओ ऐका. घानाचं राजकारण छापील पानापेक्षा रेडिओवर जास्त जगतं. सकाळच्या कार्यक्रमांत पेपरातल्या बातम्या ट्वी भाषेत अशा रंगवून वाचतात की कीर्तनकाराची आठवण व्हावी. मंत्री फोनवरून तिथेच उत्तरं देतात. एक सावधगिरी: फोन करून तावातावाने बोलणारे काही श्रोते पक्षांचे ठरलेले असतात, त्यांना ‘सीरियल कॉलर’ असंच नाव आहे. त्यांचं बोलणं ‘सामान्य जनतेचं मत’ म्हणून छापू नका.

सोबतीचा माणूस

फिक्सर हा शब्द मला आवडत नाही, पण रुळलाय. तुम्हाला हवा असतो तो त्या भागातला काम करणारा वार्ताहर, अक्रातला इंग्रजी सफाईने बोलणारा वाटाड्या नव्हे. कुमासीच्या बाजूला ट्वी, व्होल्टाच्या बाजूला एवे, अक्राच्या मूळ वस्तीत गा, उत्तरेतल्या टमालेत दागबानी. आणि शहरोशहरी ज्या मुस्लिम वस्त्या आहेत, ज्यांना झोंगो म्हणतात, तिथे हौसा. इंग्रजी राजभाषा आहे, म्हणून तिच्यावर सगळं भागेल असं समजू नका. इंग्रजीत मिळतं ते निवेदन. भांडण, विनोद आणि शिवी त्या-त्या भाषेत येते.

पैसे आधी ठरवा: रोजचे किती, गाडी-पेट्रोल कुणाचं, रात्रीचा मुक्काम कुणाचा, लेखाखाली नाव जाणार का. नाव द्यायचंच, त्याला नको असेल तरच गाळायचं. आणि एक गोष्ट आपल्या लोकांना पटकन सुचत नाही, म्हणून सांगतो. तुम्ही आठ दिवसांनी विमानात बसता, तो तिथेच राहतो. १६ जानेवारी २०१९ च्या रात्री अक्राच्या मदिना भागात अहमद हुसेन-सुआले या शोधपत्रकाराला गोळ्या घालून मारलं. फुटबॉलमधला भ्रष्टाचार उघड करणाऱ्या चमूत तो होता, आणि काही महिने आधी एका राजकारण्याने त्याचा फोटो टीव्हीवर दाखवला होता. कागदावर घाना हा मोकळ्या पत्रकारितेचा देश आहे, बऱ्याच अंशी खराही आहे. पण धोका पत्करतो तो स्थानिक माणूस. कुठे जायचं नाही, हे ठरवायचा अधिकार त्याचा.

पत्रकार परिषद संपली की यजमान पाकीट वाटतात. त्याला ‘सोली’ म्हणतात, सॉलिडॅरिटीचं लाडकं रूप. जाण्यायेण्याचा खर्च असं त्याचं सभ्य स्पष्टीकरण. महाराष्ट्रातल्या वाचकाला पाकिटाचा अर्थ उलगडून सांगायची गरज नाही. तुम्ही घेऊ नका, हसून ‘माझं ऑफिस देतं’ म्हणा. मात्र शेजारच्याने घेतलं म्हणून नाक मुरडू नका, त्याचा पगार काय आहे ते आधी विचारा.

बोलण्याची रीत

आधी नमस्कार, मग प्रश्न. खोलीत शिरलात की उजवीकडून डावीकडे एकेकाशी हात मिळवत जायचं, मधला एक सोडला तर त्याला लागतं. डावा हात द्यायचा नाही, त्याने वस्तू घ्यायचीही नाही. हे आपल्या आयांनी शिकवलेलंच आहे. जेवणाऱ्या माणसाजवळून गेलात तर तो म्हणेल ‘यू आर इन्व्हायटेड’. ते आपलं ‘या जेवायला’ आहे, ताट ओढून बसू नका, आभार मानून पुढे जा. आणि कुणी ‘आय ॲम कमिंग’ म्हणून उठून चालू लागला तर गोंधळू नका. तो जातोय, परत येणार आहे. मराठी माणूस दारातून निघताना ‘येतो’ म्हणतो, अगदी तेच. ‘फ्लॅश मी’ म्हणजे मिस्ड कॉल दे.

उपाध्या चुकवू नका. सरदार-राजांना अकान भागात ‘नाना’, गा लोकांत ‘नी’, एवे भागात ‘तोग्बे’. खासदाराला ‘ऑनरेबल’, हज करून आलेल्याला ‘अल्हाजी’, बाईंना ‘हजिया’. नावांचं वेगळंच. अकान मुलाला जन्मवारावरून नाव मिळतं: शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे. कोफी अन्नान आणि क्वामे एन्क्रुमा हे त्याच रीतीचे. म्हणजे ‘कोफी म्हणाला’ लिहिणं हे ‘शुक्रवारी जन्मलेला एकजण म्हणाला’ लिहिण्यासारखं. पूर्ण नाव विचारा, स्पेलिंग त्याच्याच हातून वहीत लिहून घ्या.

मुलाखतींचं वेळापत्रक आखताना शनिवार सोडून द्या. तो अंत्यविधींचा दिवस. काळ्या-लाल कपड्यांतली माणसं गावोगाव निघालेली असतात, आणि तुम्हाला हवा असलेला अधिकारी बहुधा शुक्रवारी दुपारीच गावाकडे सुटलेला असतो. तुम्हालाही बोलावलं तर जरूर जा. गडद कपडे घाला, पेटीपाशी थोडे पैसे द्या, पावती मिळेल. एका दुपारी मला तिथे जितकी माणसं भेटली, तितकी आठवडाभर फोन करून भेटली नव्हती.

राजवाडा, म्हणजे चावडी

अक्राबाहेर कुठल्याही गावात काम करायचं तर आधी तिथल्या प्रमुखाला भेटावं लागतं. ही शोभेची परंपरा नाही. जमिनीचा मोठा भाग आजही या पारंपरिक गाद्यांच्या ताब्यात आहे. खाण, कोको, वाळू, कुठलीही बातमी घ्या, ती या चावडीवरून जाते.

रिकाम्या हाताने जायचं नाही. दक्षिणेत श्नॅप्सची बाटली नेतात, ती डच व्यापाऱ्यांच्या काळापासूनची सवय आता पूजेत शिरली आहे. पूर्वजांना अर्घ्य द्यायला तीच लागते. उत्तरेत कोलाच्या बिया, किंवा कोलाच्या नावाने पैसे. किती आणि काय, ते सोबतीला विचारा. ही लाच नाही, आणि लेखाच्या खर्चात ‘भेट’ म्हणून ती उघड लिहावी.

आत गेल्यावर काय होतं ते सांगतो. ओळीने खुर्च्या. टोपी काढायची, खिशातले हात बाहेर, पायावर पाय टाकायचा नाही. तुम्ही नानांशी थेट बोलायचं नाही. शेजारी सोनेरी मूठ असलेली काठी घेऊन ‘ओच्यामे’ बसलेला असतो, त्याच्याशी बोलायचं. तुम्ही बोललेलं नानांना ऐकू गेलेलंच असतं, तरी ओच्यामे ते पुन्हा, जास्त चांगल्या भाषेत सांगतो. नाना उत्तर त्याला देतात, तो तुम्हाला. सुरुवातीला वाटतं की यात वेळ जातोय. खरं तर तुमचा प्रश्न दोनदा बोलला जातो, भरल्या सभेत, आणि उत्तर देणाऱ्याला विचार करायला मिनिटभर मिळतं. मग तुमची पाळी येते: अमाने. मी एकदा इथे फार घोळ घातला, ‘तुमच्या संस्कृतीचा अभ्यास’ वगैरे म्हणालो. ओच्यामेने ते भाषांतरच केलं नाही. माझ्याकडे बघत राहिला. मग मी म्हणालो, नदी गढूळ का झाली ते विचारायला आलोय. त्याने मान हलवली आणि काठी दुसऱ्या हातात घेऊन बोलायला लागला.

कुमासीच्या मान्हिया राजवाड्यात असान्तेहेने, म्हणजे असान्ते लोकांचे राजे, असतात. तिथलं अक्वासिदाए हे दर सहा आठवड्यांनी येणारं रविवारचं दरबारी पर्व. तारीख जुळली तर पाहा. अक्रात गा लोकांच्या होमोवो सणाआधी, साधारण मे-जूनमध्ये, महिनाभर ढोल आणि गोंगाटावर बंदी असते. त्या काळात वाद्यांच्या चित्रीकरणाचा बेत आखणारा मी एकटाच नसावा.

फोटो

लष्करी जागा, विमानतळ, पोलिसांचे नाके आणि राष्ट्रपतींचं ज्युबिली हाउस यांचे फोटो नाहीत, गाडीच्या काचेतूनही नाहीत. ज्युबिली हाउस भारताच्या कर्जातून, मुंबईच्या शापूरजी पालनजीने बांधलं. पण ‘आमच्याच लोकांनी बांधलंय’ हे रखवालदाराला सांगून उपयोग होत नाही. लष्कराच्या मुख्यालयाचं नाव बर्मा कॅम्प. दुसऱ्या महायुद्धात गोल्ड कोस्टचे, म्हणजे तेव्हाच्या घानाचे, सैनिक ब्रह्मदेशात लढले, त्यांच्या एका डिव्हिजनने त्याआधी नाशिकजवळ तळ ठोकून तयारी केली होती. परतलेल्या निःशस्त्र सैनिकांच्या मोर्चावर २८ फेब्रुवारी १९४८ ला अक्रात गोळीबार झाला, तिघे गेले, आणि तिथून स्वातंत्र्याची चळवळ पेटली. नाशिकच्या एखाद्या वार्ताहराने हा धागा उचलावा, असं मला फार दिवस वाटतंय.

बाजारात परवानगी दुकानदारणीकडून नव्हे, तिच्या राणीकडून घ्यायची. टोमॅटोची राणी वेगळी, सुरणासारख्या यामची वेगळी. या बायका भाव ठरवतात, भांडणं मिटवतात, उधारी चालवतात. अक्राच्या मकोला बाजारात राणीला भेटून आलात की बाकीच्या गाळ्यांवर ‘नाही’ फार कमी वेळा ऐकू येतं.

आता जरा कटू. अक्रातल्या अग्बोग्ब्लोशी भागात जळत्या तारांच्या धुरात उभ्या मुलांचे फोटो जगभर छापले गेले, ‘जगातला सर्वांत मोठा ई-कचरा डेपो’ या मथळ्याखाली. तिथे भंगाराचा मोठा, शिस्तीत चालणारा धंदा होता. २०२१ मध्ये सरकारने तो बुलडोझरने हटवला. तिथल्या पोरांनी इतके परदेशी फोटोग्राफर पाहिलेत की ती आता पोझचे पैसे सांगतात. कांतामांतो या जुन्या कपड्यांच्या बाजाराचंही तसंच. तिथल्या गाठोड्यांना ‘ओब्रोनी वावू’ म्हणतात, मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे. २०२५ च्या पहिल्या दिवसांत या बाजाराला भीषण आग लागली. दर आठवड्याला किती कोटी कपडे येतात याचे आकडे एका लेखातून दुसऱ्यात उड्या मारत असतात. तुम्ही आकडा उतरवून घेण्याआधी एका गाठोडेवालीबरोबर पहाटे बसा, ती गाठ सोडते तेव्हा किती विकण्यासारखे आणि किती फडक्याच्या लायकीचे ते मोजा. एका गाठोड्याची स्वतः केलेली मोजदाद मला शंभर उसन्या आकड्यांपेक्षा जड वाटते.

सोनं आणि कोको

बहुतेक जण याच दोन विषयांसाठी जातात. आपल्यासाठी सोनं जास्त जवळचं: भारत घानाकडून जे विकत घेतो त्यात सर्वांत मोठा वाटा सोन्याचाच.

बेकायदा खाणकामाला ‘गलामसे’ म्हणतात. ‘गॅदर देम अँड सेल’ या इंग्रजी शब्दांचं घासून गुळगुळीत झालेलं रूप. प्रा, ऑफिन, अंकोब्रा, बिरिम या नद्या त्यामुळे चहाच्या रंगाच्या झाल्यात, आणि गाळात पारा आहे. कायद्याने लहान खाणकाम फक्त घानाच्या नागरिकांसाठी राखीव आहे. एप्रिल २०२५ अखेरपासून परदेशी व्यापाऱ्यांना स्थानिक सोनेखरेदीतूनही बाहेर काढलं. आता तुमचा चेहरा भारतीय आहे, खांद्यावर बॅग आहे, आणि तुम्ही खड्ड्याच्या काठावर उभे राहून ‘दिवसाला किती निघतं?’ विचारताय. लोक तुम्हाला काय समजतील? दलाल. युरोपीय पत्रकाराला ही अडचण येत नाही. म्हणून खड्ड्यावर जाण्याआधी चावडी, मग गावच्या असेंब्ली सदस्याची भेट, आणि सोबत त्याच गावचा माणूस. नुसतं ‘पत्रकार आहे’ पुरत नाही, कार्ड गळ्यात दिसलं पाहिजे.

खाणीवर हत्यारी माणसं असतात, आणि तिथे वार्ताहरांना मारहाण झालेली आहे. संपादकाला आत जाण्याची आणि बाहेर येण्याची वेळ कळवा. न बुजवलेले खड्डे पाण्याने भरलेले असतात, काठ ढासळतो. पावसात जाऊच नका. दक्षिणेत एप्रिल ते जुलै आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबर असे दोन पावसाळे, उत्तरेत मे ते ऑक्टोबर एकच. डिसेंबरपासून हरमाटन सुटतो, सहाराची धूळ घेऊन; लेन्स बदलायची तर पिशवीत हात घालून बदला.

कोकोचं काम सोपं आणि म्हणूनच जास्त वरवर होतं. शेतकऱ्याला मिळणारा भाव हंगामाआधी सरकार ठरवतं, खरेदी कोकोबोर्डाच्या परवानाधारकांमार्फत. पोतं बारदानासह ६४ किलोचं, १६ पोत्यांचा टन. जगाच्या बाजारात २०२४ मध्ये टनाला १०,००० डॉलरच्या वर भाव गेला तेव्हा शेतकऱ्याच्या हातात ठरलेलाच भाव पडत होता. उसाची एफआरपी आणि काटामारी कोळून प्यायलेल्या मराठी वार्ताहराला ही बातमी कुणी शिकवायला नको. काट्यापाशी उभे राहा. पोतं चढलं की काटा किती दाखवतो आणि पासबुकात किती लिहितात, एवढं बघा. मुलं शेतात काम करताना दिसतील. आईबापाबरोबर शेंगा गोळा करणारं पोर आणि कामाला विकलेलं पोर यांत फरक असतो, तो विचारल्याशिवाय कळत नाही, आणि कुठल्याच मुलाचा ओळखू येणारा चेहरा छापायचा नाही.

कायदा, थोडक्यात

१९९२ च्या राज्यघटनेने वृत्तपत्र काढायला परवाना मागण्यावरच बंदी घातली आहे. फौजदारी बदनामीचा कायदा २००१ मध्ये रद्द झाला. हे आपल्याला अजून जमलेलं नाही. पण ‘खोटी बातमी’ पसरवल्याची कलमं शिल्लक आहेत आणि वार्ताहरांना त्यांखाली उचलतात. न्यायालयाचा अवमान गंभीर: २०१६ मध्ये रेडिओवर न्यायाधीशांना धमकावल्याबद्दल तिघांना सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली होती. माहिती अधिकार कायदा २०१९ चा, उत्तराची मुदत १४ दिवस, आपल्या निम्म्याहून कमी. अर्ज स्थानिक सहकाऱ्याच्या नावाने, पोहोचल्या दिवशीच टाका.

निवडणूक दर चार वर्षांनी ७ डिसेंबरला. निवडणूक आयोगाचं वेगळं कार्ड लागतं. मतदान केंद्रावरचा निकाल ‘पिंक शीट’वर लिहितात, तिचा फोटो घेत गेलात तर रात्रीच्या अफवांना तुमच्याकडे उत्तर असतं. त्या आठवड्यात कपड्यांचे रंग जपून निवडा, तिथले दोन मोठे पक्ष रंगांवरून ओळखले जातात: लाल-पांढरा-निळा एनपीपीचा, निळ्याच्या जागी हिरवा आणि काळा आला की एनडीसीचा.

उत्तरेकडच्या बाव्कूत कुसासी आणि माम्प्रुसी यांच्यातला गादीचा वाद २०२१ च्या अखेरीस पुन्हा पेटला. पहिल्या खेपेला तिथे जाऊ नका. आणि कुठेच रात्री गाडीने जाऊ नका. अक्रा-कुमासी अंतर २५० किलोमीटरच, पण दिवस त्यात जातो. टमालेला विमान घ्या. शहरात ट्रोट्रो, म्हणजे आपली काळीपिवळी वडाप, ‘मेट’, म्हणजे कंडक्टर, दारात लटकून ‘सर्क-सर्क-सर्क’ ओरडतो, सर्कल चौकासाठी. गप्पा ऐकायला त्यातून जा, घाईत नको.

तुम्हालाही विचारतील

अक्रातल्या लेगॉनच्या विद्यापीठात २०१६ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी गांधीजींच्या पुतळ्याचं अनावरण केलं. दक्षिण आफ्रिकेतल्या त्यांच्या सुरुवातीच्या लेखनात काळ्या लोकांबद्दल जे आहे त्यावर प्राध्यापकांनी आक्षेप घेतला, आणि डिसेंबर २०१८ मध्ये पुतळा हलवला. हा विषय निघतोच. जातीचाही निघतो, आणि भारतात आफ्रिकी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीचाही. ‘तसं काही नाही’ म्हणू नका. समोरच्याचा चुलतभाऊ पुण्यात शिकलेला असतो. खरं उत्तर दिलं की पुढची मुलाखत वेगळी होते.

शाकाहाऱ्यांसाठी: ‘मांस नको’ म्हटलं तर मासे येतात, शितो नावाच्या काळ्या तिखट चटणीत सुकट असते. रेड-रेड मागा, चवळीची उसळ पामतेलात आणि तळलेली केळी. वरून मासा नको असं दोनदा सांगा.

परतल्यावर

मलेरियाची गोळी विमानात बसल्यावर थांबवायची नाही. प्रकाराप्रमाणे ती आठवडाभर ते चार आठवडे पुढे चालते. त्यानंतर ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगा, ‘घानातून आलोय’, आणि त्याच दिवशी रक्त तपासा.

लेख छापून आला की दुवा सगळ्यांना पाठवा, ज्यांच्याविरुद्ध लिहिलंय त्यांनाही. मराठीत असेल तर दोन मिनिटांचा आवाजी निरोप करून इंग्रजीत सार सांगा. मी ओच्यामेला तसा पाठवला. तीन दिवसांनी त्याचं उत्तर आलं, चौदा सेकंदांचं: नानांना सांगितलं, ते विचारतात, पुन्हा कधी येतोस, आणि या वेळी काम काय.